काहिलीपासून हातभर अंतरावर: अल्ट्रा-वाइड लेन्स कशी वापरावी

कागल तालुक्यात थंडीच्या तोंडावर उसाच्या तोडी सुरू होतात. बहुतेक ऊस कारखान्यांच्या वाटेला लागतो, पण थोडाफार अजून गुऱ्हाळघरांकडेही वळतो. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तरी गुऱ्हाळघरं वर्षागणिक कमी होत चालली आहेत. त्यामुळे कॅमेरा घेऊन तिथं पोहोचणाऱ्या प्रत्येकाचं काम मोलाचं आहे. आत शिरल्यावर त्याची पहिली अडचण होते ती जागेची. चुलवाणावर रस उकळायची आठ-दहा फूट रुंदीची काहील, तिच्या पलीकडे फावडं घेऊन उभा असलेला गुळव्या, म्हणजे गूळ करणारा कारागीर, एका बाजूला गूळ ओतायचा वाफा, दुसऱ्या बाजूला रव्यांची थप्पी आणि पाठीला भिंत. पन्नास मिमीची नेहमीची लेन्स तीन मीटरवरून जेमतेम दोन मीटर रुंदीचा भाग टिपते. काहील आणि माणसं एका फ्रेममध्ये घ्यायची, तर भिंत फोडून मागं जावं लागेल.

अशा वेळी पिशवीतून अल्ट्रा-वाइड लेन्स बाहेर निघते. ती लावून दारात उभं राहिलं की सगळं काही चौकटीत मावतं: छपराचे पत्रे, वासे, लोंबणारी वायर, दिवा, चिपाडांचा ढीग, पाण्याचं पिंप आणि या सगळ्याच्या मधोमध अंगठ्याएवढा गुळव्या. घरी येऊन फोटो मोठा करून पाहिला की काहीतरी चुकल्यासारखं वाटतं, पण काय चुकलं ते सापडत नाही. फोकस अचूक असतो, उजेडही बरोबर असतो. चुकलेलं असतं ते उभं राहण्याचं ठिकाण.

अल्ट्रा-वाइड लेन्स ‘सगळं मावावं’ म्हणून विकत घेतली जाते आणि नेमकी तिथंच वाया जाते. ही लेन्स आहे जवळ जाण्यासाठी. ती लावल्यावर मागं सरकायचं नसतं. एखादी गोष्ट निवडून तिच्यापासून हातभर अंतरावर जायचं असतं आणि बाकीचं जग तिच्या मागं उभं करायचं असतं.

हे का, ते गुऱ्हाळातच मोजून पाहता येतं. कॅमेरा काहिलीच्या काठापासून ३० सेंटिमीटरवर धरला आहे आणि गुळव्या तीन मीटरवर उभा आहे, असं समजू. दोन्ही अंतरांत दहापटीचा फरक आहे. म्हणून काठावरचा हातभर भाग फोटोत गुळव्याजवळच्या तेवढ्याच लांबीपेक्षा दहापट मोठा दिसेल. आता एकच मीटर मागं सरकलं, तर काठ १.३ मीटरवर जातो आणि गुळव्या चार मीटरवर. फरक तीनपटीवर येतो. लेन्स तीच, माणूस तोच, काहील तीच. एका मीटरनं फोटोतली सगळी खोली ओसरली. वस्तूंचं एकमेकांशी असलेलं लहानमोठेपण लेन्सवर ठरत नाही, कॅमेऱ्याच्या अंतरावर ठरतं. अल्ट्रा-वाइड लेन्स एवढंच करते, की इतक्या जवळ जाऊनही मागचं काही कापलं जाऊ देत नाही.

अल्ट्रा-वाइड कशाला म्हणायचं याची काटेकोर सीमा नाही. साधारणपणे ३६ बाय २४ मिमीच्या फुल-फ्रेम सेन्सरवर २४ मिमीपेक्षा कमी फोकल लेंथ असलेल्या लेन्सला तसं म्हणतात. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मोजलं, तर २४ मिमी लेन्स ८४ अंशांचा कोन पाहते, २० मिमी सुमारे ९४, १६ मिमी १०७ आणि १४ मिमी ११४ अंशांचा. दिसायला हे दोन-चार मिलिमीटरचे फरक किरकोळ वाटतात, पण या टोकाला एकेक मिलिमीटर भारी पडतो. सत्तर आणि बहात्तर मिमीत डोळ्याला फरक कळत नाही. चौदा आणि सोळात खोलीची एक भिंत आत येते.

लहान, म्हणजे एपीएस-सी सेन्सरच्या कॅमेऱ्यांवर हिशेब बदलतो. निकॉन आणि सोनीच्या अशा कॅमेऱ्यांत फोकल लेंथला दीडनं गुणायचं, कॅननच्या कॅमेऱ्यांत १.६ नं. फुल-फ्रेमसाठी बनवलेली १६ मिमीची लेन्स तिथं २४ मिमीसारखी वागते. म्हणूनच या कॅमेऱ्यांसाठी १०-१८, १०-२० किंवा ११-१६ मिमी अशा वेगळ्या लेन्स बनवल्या जातात.

सोळा मिमी लेन्सचा एक सोपा हिशेब पाठ असला, तर जागेवर फार उपयोगी पडतो. फुल-फ्रेमवर ती समोरच्या अंतराच्या सव्वादोनपट रुंद आणि दीडपट उंच भाग पाहते. तीन मीटरवर पावणेसात मीटर रुंदी आणि साडेचार मीटर उंची. कॅमेरा डोळ्याला लावायच्या आधीच काय मावेल आणि काय नको असताना आत येईल, हे ठरवता येतं. नको असलेलं आत येणं हाच या लेन्सचा मोठा ताप आहे. म्हणून बटण दाबण्याआधी नजर फ्रेमच्या चारही कडांवरून एकदा फिरवावी. कोपऱ्यातली पांढरी प्लॅस्टिकची पिशवी, स्वतःच्या बुटाचं टोक, खांद्यावरून लोंबणारा कॅमेऱ्याचा पट्टा या गोष्टी तिथंच सापडतात.

पुन्हा गुऱ्हाळात येऊ. रस उकळायला लागला की वाफेचे लोट उठतात. पहाटेच्या गारठ्यातून आलेल्या थंड लेन्सवर ती वाफ धरते आणि समोरचं भिंग दुधी होतं. पुसलं की पुन्हा धरते. त्यापेक्षा कॅमेरा बंद पिशवीतच ठेवून आधी पंधरा-वीस मिनिटं तिथल्या माणसांशी बोलावं. तेवढ्यात कॅमेरा आतल्या उबेला येतो. त्या गप्पांतून रस कधी निवळला, मळी कधी काढायची, पाक कधी तयार होणार हेही कळतं, म्हणजे कुठल्या क्षणी कुठं उभं राहायचं ते ठरवता येतं. काहील उतरवून वाफ्यात ओततात तो प्रसंग काही सेकंदांचा असतो. तेव्हा मध्ये कुणी आलेलं चालत नाही. पाक त्या वेळी सुमारे ११८ अंश सेल्सिअसवर असतो. एक थेंब हातावर उडाला तर कातडीला चिकटून भाजतो. या लेन्समधून जवळची वस्तूही लांब भासते, म्हणून डोळा कॅमेऱ्याला लावून पुढं सरकणं इथं धोक्याचं आहे. आधी डोळा काढून अंतर पाहावं, पाय रोवावेत आणि मगच फ्रेम पाहावी. गुळव्यानं ‘मागं व्हा’ म्हटलं की मागं व्हावं.

फोकसची चिंता मात्र इथं कमी. सोळा मिमी लेन्सवर ॲपर्चर एफ/८ ठेवून फोकस सव्वा मीटरच्या थोडा अलीकडे, १.१ मीटरवर हातानं लावून ठेवला, तर सुमारे ५५ सेंटिमीटरपासून थेट क्षितिजापर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं. लहान सेन्सरवर दहा मिमी लेन्ससाठी एफ/८ लाच फोकस ६५ सेंटिमीटरवर ठेवावा. ३३ सेंटिमीटरपासून पुढचं सगळं धारदार मिळतं. वाफेत आणि अंधारात कॅमेऱ्याचा ऑटोफोकस चाचपडत राहतो, त्यामुळे हा जुना उपाय आजही खरा ठरतो. काठ तीसच सेंटिमीटरवर असेल तर एफ/११ पर्यंत जावं आणि फोकस ६० सेंटिमीटरच्या आसपास आणावा. मागचा माणूस किंचित मऊ होईल, ते चालतं. एफ/१६ च्या पुढं गेल्यास प्रकाशाच्या विवर्तनामुळे सगळाच फोटो थोडा बोथट होतो, म्हणून तो मार्ग शक्यतो टाळावा.

उजेड कमी असताना शटर कितीपर्यंत उतरवता येईल? हातात धरलेल्या कॅमेऱ्यासाठी एक भागिले फोकल लेंथ हा जुना ठोकताळा १६ मिमीला १/१५ सेकंद देतो. तो हात हलण्यापुरता आहे. समोर फावडं फिरवणारा हात त्याला लागू नाही. जवळची हालचाल फ्रेममधून झपाट्यानं सरकते. हात गोठवायचा तर १/२५० हवं आणि आयएसओ वाढवायची तयारी हवी.

माणसांच्या बाबतीत ही लेन्स फार निष्ठुर आहे, आणि लग्नसराईत त्याचा पुरावा घरोघरी पाहायला मिळतो. स्टेजवर वीस नातेवाईक उभे केले, जागा कमी म्हणून अल्ट्रा-वाइड लावली, आणि दोन्ही टोकांच्या काकू-मामींचे चेहरे आडवे पसरले. हा लेन्सचा दोष नसतो. महागातली महाग लेन्सही हेच करते. गोल वस्तू सपाट सेन्सरवर तिरकी पडली की कडेकडं ताणली जाते, आणि कोन जितका मोठा तितका ताण जास्त. हिशेब केला तर आडव्या फ्रेमच्या अगदी कडेला ३५ मिमी लेन्स चेहरा सुमारे आठव्या हिश्शानं रुंद करते, २४ मिमी पाव हिश्शानं आणि १६ मिमी तब्बल निम्म्यानं. म्हणजे सोळावर कडेचं डोकं दीडपट रुंद. घरच्या अल्बममध्ये हा फोटो वर्षानुवर्षं राहणार असतो, आणि टोकाला बहुधा घरातली वडीलधारी मंडळीच उभी असतात.

त्यावर उपाय आहेत. शक्य असेल तर स्टेजवरून उतरून मागं जावं आणि ३५ मिमीनं काढावा. मांडव लहान असेल तर माणसांची एक लांब रांग करण्याऐवजी दोन-तीन ओळी कराव्यात, म्हणजे रुंदी कमी होते. सगळे चेहरे फ्रेमच्या मधल्या निम्म्या भागात ठेवावेत आणि दोन्ही बाजूंची मोकळी जागा नंतर कापावी. कडेला काही ठेवायचंच असेल तर मांडवाची झालर, समई, पाट ठेवावेत. त्यांना ताण सोसतो.

तालमीत हाच ताण उपयोगाला येतो. कोल्हापूर भागातल्या तालमींचे हौदे छोटे, छत खाली, उजेड एखाद्या झरोक्यातून. लाल मातीत गुडघ्याएवढ्या उंचीवर कॅमेरा धरून पैलवानाच्या पुढं टाकलेल्या हातापासून दोन फुटांवर गेलं, की पंजा मोठा होतो, दंड आत ओढत नेतो आणि चेहरा मध्यभागी शाबूत राहतो. कोपऱ्याच्या दिशेनं गेलेला हात किंवा पाय लांब आणि जोरकस दिसतो. चेहरा मध्यावर, अवयव कोपऱ्याकडे, एवढी एक गोष्ट सांभाळली तर कुस्तीचा फोटो अंगावर येतो. शेजारी दुसरा पैलवान मात्र अगदी कडेला नसावा.

इमारतींकडे वळताना कागलकरांना फार लांब जावं लागत नाही. कागल हे घाटगे घराण्याचं गाव. याच घराण्यातून राजर्षी शाहू महाराज १८८४ मध्ये कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले. त्याच वर्षी कोल्हापुरातला, मेजर चार्ल्स मँट यांच्या आराखड्याचा नवा राजवाडा पूर्ण झाला. मधोमध घड्याळाचा मनोरा असलेली ही काळ्या दगडाची इमारत अल्ट्रा-वाइड लेन्सची चांगली परीक्षा घेते. मनोरा मावावा म्हणून कॅमेरा वर उचलला की राजवाडा मागं रेलतो, दोन्ही बाजू आत झुकतात. कारण एवढंच, की सेन्सर आणि भिंत समांतर राहिले नाहीत. कॅमेऱ्यातली आडवी-उभी पातळी दाखवणारी रेघ चालू करावी, कॅमेरा सरळ धरावा, मग मनोऱ्याचं टोक आत घेण्यासाठी फोकल लेंथ कमी करावी. असं केलं की फोटोचा खालचा जवळपास निम्मा भाग अंगणानं व्यापला जातो. तो वाया घालवायचा की पुढं काहीतरी, एखादी फुलझाडांची रांग किंवा पावसानंतरचं साचलेलं पाणी, आणून भरायचा, हे छायाचित्रकाराच्या हातात आहे. कॅमेरा तिरका धरून नंतर संगणकावर उभ्या रेघा सरळ करता येतात. मात्र त्यात कडा कापल्या जातात, म्हणून आधीच चारही बाजूंनी सैल फ्रेम घ्यावी. व्यावसायिक वास्तुछायाचित्रकार भिंग वर सरकवता येणारी लेन्स वापरतात. कॅननची १७ मिमी टिल्ट-शिफ्ट लेन्स २००९ मध्ये आणि निकॉनची १९ मिमी २०१६ मध्ये आली. किंमत पाहता त्या भाड्यानं घेणंच परवडतं.

आणि कधीकधी कॅमेरा पूर्ण वर वळवावा. शिरोळ तालुक्यात, कृष्णेच्या काठी खिद्रापूरचं कोपेश्वर मंदिर आहे. शिलाहारांच्या काळातल्या या मंदिराच्या पुढ्यातला स्वर्गमंडप ४८ खांबांवर उभा आहे आणि त्याच्या छताला मध्यभागी सुमारे १३ फूट व्यासाचं गोल आकाश उघडं ठेवलेलं आहे. महाराष्ट्रात अल्ट्रा-वाइड लेन्ससाठी याहून सरस जागा शोधावी लागेल. कॅमेरा जमिनीलगत, भिंग थेट आकाशाकडं, सेन्सर काटेकोर आडवा. थोडा जरी कलला तरी वर्तुळाचं अंडं होतं आणि ते डोळ्याला लगेच खटकतं. मघाचा हिशेब इथं चालवून पाहावा: १३ फूट म्हणजे चार मीटर, सोळा मिमीची फ्रेम उंचीत अंतराच्या दीडपट पाहते, म्हणून पूर्ण वर्तुळ येण्यासाठी भिंग त्याच्या खाली किमान पावणेतीन मीटर हवं. तेवढं मिळालं की उरलेल्या जागेत खांब चहूबाजूंनी आत झुकून येतात. इथं ते झुकणं हवंच असतं.

स्वर्गमंडपात खरी कसरत उजेडाची होते. दुपारी उघड्या वर्तुळातलं आकाश आणि सावलीतलं छताचं कोरीवकाम यांत इतकी तफावत असते, की एकाच फोटोत दोन्ही पकडता येत नाहीत. दोन-दोन स्टॉपच्या अंतरानं तीन फोटो घेऊन ते नंतर जुळवावेत, नाहीतर सूर्य मावळल्यावर पंधरा-वीस मिनिटं थांबावं. आकाश उतरतं आणि दगडाच्या पातळीला येतं. त्रिपुरी पौर्णिमेला मध्यरात्री चंद्र या गोलाच्या माथ्यावर येतो, तेव्हा तिथं मोठी गर्दी असते. अल्ट्रा-वाइडमध्ये चंद्र टाचणीच्या डोक्याएवढाच येईल, ही तयारी ठेवून जावं; त्या रात्री फोटो छताचा आणि माणसांच्या वर उचललेल्या चेहऱ्यांचा असतो. मंदिर पुरातत्त्व विभागाच्या संरक्षणाखाली आहे. ट्रायपॉड लावायचा असेल तर आधी परवानगीची चौकशी करावी आणि कोरीव दगडावर कॅमेरा टेकवताना खाली कापड घालावं.

खिद्रापूरला सगळं निवांत असतं. याच्या अगदी उलट प्रसंग कागलशेजारच्या हातकणंगले तालुक्यात, पट्टणकोडोलीला दसरा-दिवाळीच्या मधल्या दिवसांत येतो. विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेला महाराष्ट्र-कर्नाटकातून धनगर बांधव लोटतात. ढोल-कैताळांचा गजर, रंगीत छत्र्या, तलवार घेऊन चाललेलं हेडाम नृत्य, यात्रेत भविष्य सांगणाऱ्या फरांडेबाबांची भाकणूक आणि वरून भंडाऱ्याची, लोकरीची, खारीक-खोबऱ्याची उधळण. गाव पिवळंधम्मक होतं. देशभरातून छायाचित्रकार येतात. गच्चीवरून टेलिफोटोनं काढलेले फोटो सुंदर दिसतात, पण भंडारा अंगावर पडताना माणसाचा चेहरा कसा होतो, ते खाली उतरून अल्ट्रा-वाइडनंच सांगता येतं.

खाली उतरण्याची तयारी आदल्या रात्री करावी. अंडाकृती फुगीर भिंगाची, पुढं फिल्टर न बसणारी लेन्स या कामाला नेऊ नये. पुढं साधा पारदर्शक फिल्टर बसणारी लेन्स घ्यावी, कॅमेरा पावसाळी आवरणात किंवा जाड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळावा आणि सांध्यांवर चिकटपट्टी लावावी. यात्रेत लेन्स बदलायची नाही; हळद एकदा आत गेली की सेन्सरवर बसते. फोकस मघाच्या पद्धतीनं १.१ मीटरवर हातानं लावून चिकटपट्टीनं पक्का करावा, कारण हवेत उडणाऱ्या भंडाऱ्यावर ऑटोफोकस अडकतो. कण हवेत थांबलेले दिसायचे तर शटर १/१००० च्या आसपास. पांढरा तोल, म्हणजे व्हाइट बॅलन्स, ऑटोवर अजिबात ठेवू नये. कॅमेऱ्याला एवढा पिवळा रंग चूक वाटतो आणि तो त्यात निळा मिसळून भंडाऱ्याची झळाळी घालवतो; ‘डेलाइट’वर ठेवला की पिवळा पिवळाच राहतो. उन्हात लाल आणि हिरवा रंगप्रवाह आधी जळतात, म्हणून एक्स्पोजर अर्धा-पाऊण स्टॉप कमी आणि फोटो रॉमध्ये.

घरी आल्यावर आधी फुंकणीनं भुकटी उडवावी, मग मऊ ब्रश, आणि अगदी शेवटी कापड. ओल्या कापडानं सुरुवात केली तर हळद रबरात आणि बटणांच्या फटींत कायमची मुरते.

पण सगळ्यात मोठी तयारी वेगळी आहे. टेलिफोटोवाला पन्नास फुटांवरून कुणाला न कळता फोटो काढतो. अल्ट्रा-वाइडवाला समोरच्याच्या श्वासाच्या अंतरावर असतो. ज्याच्या देवाची ही यात्रा आहे त्याच्या नाकासमोर काच धरण्याआधी नजरेनं का होईना विचारावं. ‘दादा, काढू का?’ एवढ्यानं चेहरे खुलतात. पालखी आणि देवाची माणसं येताना बाजूला व्हावं. वाट अडवून काढलेला फोटो कितीही चांगला आला, तरी पुढच्या वर्षी कॅमेरेवाल्यांकडं बघण्याची गावाची नजर त्यानं बदलते.

निसर्गदृश्यांत या लेन्सचा मोह सर्वाधिक आणि पदरी पडतं सर्वात कमी. पन्हाळ्यावरून दिसणारी डोंगररांग १६ मिमीनं काढली, तर पन्नास मिमीच्या मानानं ती एक तृतीयांशाहून कमी उंच येते. डोळ्यांत भरलेले डोंगर फोटोत बांधासारखे दिसतात. डोंगरासाठी लांब लेन्सच बरी. अल्ट्रा-वाइड तेव्हा काढावी, जेव्हा पायाशी काहीतरी आहे किंवा डोक्यावर वळवाचे ढग आहेत. कागलच्या जयसिंगराव तलावाच्या काठावर बसून पाण्याच्या रेषेपासून फूटभर उंचीवर कॅमेरा धरला तर ओला दगड, पाणी आणि आभाळ असे तीन थर मिळतात. उभं राहून काढलं तर नुसतं पाणी. पोलरायझर फिल्टर मात्र या लेन्सवर सांभाळून वापरावा. सूर्यापासून ९० अंशांवरचं आकाश तो सर्वाधिक गडद करतो, आणि लेन्सचा कोनच शंभर अंशांचा असल्यानं आकाशात मध्येच काळा पट्टा उमटतो.

कोपरे काळवंडणं ही या लेन्सची जन्मजात खोड. तिरका येणारा प्रकाश कोन वाढेल तसा झपाट्यानं मंदावतो. १९०० च्या सुमारास जर्मनीच्या गोएर्झ कंपनीनं सुमारे १४० अंश पाहणारी हायपरगॉन लेन्स बनवली, तेव्हा कोपरे इतके काळे यायचे, की भिंगापुढं चांदणीच्या आकाराचं एक छोटं चाक बसवलं होतं. छायाचित्रकार रबरी फुग्यानं हवा सोडून ते फिरवायचा. मध्यभागाचा प्रकाश अडायचा आणि कोपऱ्यांना वेळ मिळायचा. आज हेच काम भिंगांची रचना आणि कॅमेऱ्यातलं सॉफ्टवेअर करतं. तरी कोपरे उजळवताना तिथला दाणेदारपणा, म्हणजे नॉइज, वाढतोच. गुऱ्हाळासारख्या अंधाऱ्या जागी हे ध्यानात असू द्यावं.

विकत घेताना? ज्यांच्या मोबाइलमध्ये ०.५ एक्सचा कॅमेरा आहे, त्यांच्याकडं अल्ट्रा-वाइड आधीच आहे. २०१९ च्या आयफोन ११ पासून ही १२० अंशांची नजर खिशात सामान्य झाली. उन्हात ती उत्तम चालते. अंधारात मात्र मुख्य कॅमेऱ्यापेक्षा तिचा सेन्सर लहान पडतो, आणि अनेक फोनांत तिला ऑटोफोकसच नसतो. महिनाभर फोनवर फक्त ०.५ एक्सनं काढून पाहावं. जवळ जायची सवय लागली तर लेन्स घ्यावी. एपीएस-सी कॅमेरा असलेल्यांना कॅननची १०-१८ किंवा निकॉनची १०-२० पुरेशी आहे, हलकीही आहे. एफ/२.८ अशा मोठ्या ॲपर्चरची लेन्स तालीम, गुऱ्हाळ आणि रात्रीचं आकाश वारंवार काढणाऱ्यांनीच घ्यावी. बाकीच्यांसाठी ते मानेवरचं ओझं. जुनी लेन्स घेत असाल तर विटांच्या भिंतीसमोर सरळ उभं राहून एफ/८ ला एक फोटो काढावा आणि चारही कोपरे मोठे करून पाहावेत. तीन कोपरे स्पष्ट आणि एक पुसट असेल, तर ती लेन्स कधीतरी पडलेली असू शकते.

राहिला छपाईचा मुद्दा, ज्याकडं फारसं कुणाचं लक्ष जात नाही. कडेचा ताण मोबाइलच्या पडद्यावर सर्वात जास्त खुपतो, आणि त्याला कारण आहे. फोटो जितक्या पटीनं मोठा केला, तितक्या पटीनं फोकल लेंथ वाढवून जे अंतर येतं, तिथून पाहिल्यास दृष्टिक्रम बरोबर जुळतो आणि ताण दिसेनासा होतो. फुल-फ्रेम सेन्सर ३६ मिमी रुंद असतो. त्यावर १६ मिमीनं काढलेला फोटो ३६ इंच रुंद छापला, तर ते अंतर १६ इंच येतं. चौदा सेंटिमीटर रुंदीच्या मोबाइलवर तेच अंतर सहा सेंटिमीटर. इतक्या जवळून कुणी पाहत नाही. म्हणून अल्ट्रा-वाइडचे निवडक फोटो मोठे छापावेत. कोल्हापूरच्या शाहू स्मारक भवनासारख्या कलादालनात प्रदर्शन मांडायचं असेल, तर हे फोटो डोळ्याच्या उंचीला लावावेत, पुढ्यात टेबल, दोरी किंवा फुलदाणी ठेवू नये आणि पाहणाऱ्याला भिंतीपासून दीड फुटापर्यंत येऊ द्यावं. काच लावणार असाल तर चमक न देणारी लावावी, कारण इतक्या जवळ आलेल्या माणसाला साध्या काचेत काहिलीऐवजी स्वतःचाच चेहरा दिसतो.